दोन फुल्यांचे फाटक

हिल्व्हरसम, नेदरलँड्स
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. दिवाळीनंतर टाकलेले तुमचे पत्र परवा मिळाले. रोज फोनवर बोलणे होत असतानाही बाबांनी चार पाने हाताने लिहिली, त्यावरून काळजी किती खोल गेली आहे ते समजले, म्हणून उत्तरही पत्रानेच देत आहे. माझी खोली, जेवणखाण आणि ऑफिस यांविषयी तुम्हाला सारे ठाऊक आहे, ते पुन्हा लिहीत नाही. पत्रातला खरा प्रश्न एकच आहे. मी रोज सकाळी अंधारात सायकलने रेल्वेचे फाटक ओलांडून स्टेशनावर जाते आणि त्या फाटकावर गेटमन नसतो, असे धाकटीने तुम्हाला सांगितले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्यावरून तुम्ही जे चित्र मनात रंगवले आहे ते खरे नाही.

गेटमन नसलेले फाटक म्हटले की बाबांना आपल्याकडची शेतातली जुनी फाटके आठवणार. तिथे मोटार वाहन कायद्याच्या 131 व्या कलमाप्रमाणे कंडक्टरने खाली उतरून दोन्ही बाजूंना गाडी दिसते का ते पाहायचे, आणि मग बस पुढे काढायची. ब्रॉडगेजवरची तशी फाटके आपल्याकडेही जानेवारी 2019 पर्यंत संपली. इथले फाटक त्या जातीचे नाही. गाडी जवळ येऊ लागली की लाल दिवे आपोआप लुकलुकू लागतात, घंटा वाजते आणि दांडे खाली येतात. सायकलच्या वाटेलासुद्धा तिचा वेगळा, लहानसा दांडा असतो.

बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून पाट्यांविषयी थोडे लिहिते. त्रिकोणी पाटी अगदी आपल्यासारखीच असते: दांडे असलेल्या फाटकासाठी कुंपणाचे चित्र आणि दांडे नसलेल्यासाठी वाफेच्या इंजिनाचे. लहानपणी तुम्ही मला 200 मीटरवरची दोन पट्ट्यांची आणि त्यापुढची एका पट्टीची पाटी दाखवून फाटक किती दूर आहे ते ओळखायला शिकवले होते. इथे गावाबाहेरच्या रस्त्यांवर 240, 160 आणि 80 मीटरवर तीन, दोन आणि एक तिरप्या पट्ट्यांचे खांब लागतात. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा कोणालाही न विचारता मला त्यांचा अर्थ कळला, आणि रुळांच्या बाजूला उभी असलेली ‘सी/फा’ची, म्हणजे ‘पुढे फाटक आहे, सीटी वाजवा’ असे इंजिनचालकाला सांगणारी पाटी वाचून गाडीबरोबर शिट्टी वाजवणारे तुम्ही आठवलात.

रुळांपाशी मात्र आपल्याकडे न दिसणारी एक खूण आहे. खांबावर लाल-पांढरी मोठी फुली असते. संत अँड्र्यूला तिरप्या क्रुसावर देहदंड दिला गेला अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे, म्हणून या फुलीला त्याचे नाव आहे. एकच रूळमार्ग असेल तर एक फुली, आणि दोन किंवा अधिक मार्ग असतील तर एकीखाली दुसरी, अशा दोन. आमच्या फाटकावर दोन आहेत. ‘लाल दिवा विझेपर्यंत थांबा, आणखी एक गाडी येऊ शकते’ अशा अर्थाची पाटीही इथे फाटकांवर असते.

या पाटीमुळे इथल्या माणसांची जी सवय दिसते ती मला पहिले काही दिवस अजिबात उमगली नाही, म्हणून ती नीट सांगते. गाडी निघून जाते. रूळ मोकळे दिसतात. पुष्कळ फाटकांचा दांडा रस्त्याच्या उजव्या अर्ध्यावरच येतो. मध्ये अडकलेल्या वाहनाला बाहेर पडता यावे म्हणून डावा अर्धा उघडा ठेवलेला असतो. म्हणजे वळसा घालून जायचे ठरवले तर अडवणारे कोणी नाही. तरीही कोणी हलत नाही. पुढच्या लाकडी खोक्यात दोन मुले बसवून निघालेली आई, दप्तरे अडकवलेली शाळकरी पोरे, काठीसारखे ताठ बसलेले आजोबा, सारे एक पाय जमिनीला टेकवून उभे असतात. कोणी घंटी वाजवत नाही, कोणी पुढे घुसत नाही. दांडे वर जाऊ लागले तरी घाई नसते. दिवे विझले की मग सगळे एकदम निघतात. मला वाटले की ही नुसती शिस्तीची आवड असावी. चौथ्या की पाचव्या दिवशी एका गाडीचा शेवटचा डबा सरकला आणि त्याच क्षणी त्याच्या आडून उलट दिशेची गाडी धडधडत आली. पहिल्या गाडीने दुसरी पूर्ण झाकली होती, तिचा आवाजसुद्धा पहिलीच्या आवाजात बुडाला होता. दोन फुल्यांचा अर्थ मला त्या दिवशी समजला, आणि तेव्हापासून मी कितीही उशीर झाला तरी दिवा विझेपर्यंत हलत नाही.

त्या सकाळी गाडीत बसल्यावर मला आपली ग्वाल्हेरची छोटी गाडी आठवली. घोसीपुऱ्याकडे तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून जाताना फाटक पडलेले असले की तुम्ही सायकल तिरपी करून दांड्याखालून काढायचात आणि मी मान खाली घालायचे. ते मला कधीच भीतीचे वाटले नाही आणि त्यात तुमची चूक होती असेही मी म्हणत नाही. शिंद्यांनी घातलेला तो दोन फुटी रूळ श्योपूरपर्यंत 199 किलोमीटर एकेरीच होता, गाडी शहरातून इतकी सावकाश जायची की टपावर बसलेल्यांचे चेहरे ओळखू यायचे, आणि ती गेल्यावर तिच्या आडून दुसरी येणे शक्यच नव्हते. पण ती गाडी 2020 साली बंद झाली. औषधे आणायला जाताना तुम्ही आता मोठ्या लाइनच्या फाटकावरही तसेच वाकून जाता, असे धाकटीने मला सांगितले आहे. बाबा, त्या लाइनवरून शताब्दी आणि वंदे भारत धावतात, आणि तिथे रूळ एकाहून अधिक आहेत. तुम्ही माझ्या फाटकाची चार पाने काळजी केलीत. मी तुमच्या फाटकाची करते आहे, हे रागाने घेऊ नये. मी तिथे असते तर औषधे मीच आणली असती, हेही मला माहीत आहे.

आईची तक्रार आहे की दुपारी साडेबाराला फोन केला तर मी उचलत नाही. आई, तेव्हा इथे सकाळचे आठ वाजलेले असतात आणि मी सायकलवर असते. सायकल चालवताना फोन हातात धरण्यास इथे 1 जुलै 2019 पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे न उचलणे हीच माझ्या सुरक्षिततेची खूण समज. पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, मागे लाल, शिवाय पायट्यांना आणि चाकांना चमकणाऱ्या पट्ट्या असे सारे सक्तीचे आहे आणि माझ्या सायकलला ते आहे.

इथे सायकलवाल्याच्या सोयीचा विचार किती बारकाईने होतो हे पाहिले तर तुमची निम्मी भीती जाईल. सिग्नलपाशी सायकलींसाठी वेगळा, डोळ्यांच्या उंचीचा दिवा असतो आणि पुष्कळ ठिकाणी त्याभोवती ठिपक्यांचे कडे असते. एकेक ठिपका विझत जातो आणि हिरवा व्हायला किती वेळ आहे ते कळते, त्यामुळे उतावीळपणा करावासा वाटत नाही. ग्रोनिंगेन शहरात पाऊस पडू लागला की सायकलींना हिरवा दिवा लवकर मिळावा अशी योजना केलेली आहे. उत्रेख्तमध्ये एका मोठ्या रस्त्यावर 2017 साली सिग्नलच्या बरेच अलीकडे एक खांब उभारला गेला: त्यावर सशाचे चित्र दिसले तर हिरवा दिवा गाठायला जोर लावा, कासव दिसले तर हळू चला, आणि गाय दिसली तर लाल दिवा चुकत नाही. शहराबाहेरच्या वाटांवर कचऱ्यासाठी तिरपी जाळी लावतात, म्हणजे सायकलवरून न उतरता रिकामी बाटली तीत टाकता येते. स्टेशनांच्या जिन्यांना कडेने चाकापुरती पन्हळ असते, सायकल उचलावी लागत नाही. उत्रेख्तच्या स्टेशनाखाली 12,500 सायकलींचा तीन मजली तळ आहे, सायकलवर बसूनच आत जायचे, आणि पहिल्या चोवीस तासांना पैसे पडत नाहीत. मला मात्र सर्वांत जवळची वाटली ती एक साधी गोष्ट. शेजारच्या बार्न गावी 1919 साली अळंब्याच्या आकाराची पहिली बुटकी दिशादर्शक पाटी बसवली गेली, आणि तशा पाट्या अजून रानवाटांवर आहेत. पावसात चष्मा ओला झालेल्या माणसालाही वाकून वाचता येईल इतकी ती जवळ असते. गेल्या रविवारी तिच्यापाशी थांबून मी उगाचच बराच वेळ उभी राहिले.

आता एक गोष्ट कबूल करते. ऑक्टोबरमध्ये मी सर्दीचे कारण सांगून तीन दिवस व्हिडिओवर आले नव्हते. मला सर्दी झाली नव्हती. उत्रेख्तमध्ये ओल्या रस्त्यावर ट्रामचा रूळ मी तिरका ओलांडला, चाक खाचेत गेले आणि मी पडले. गुडघा आणि हनुवटी खरचटली, हाड शाबूत आहे, डॉक्टरांनी तपासले आहे. चूक माझीच होती. रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचा असतो, आणि आता मी तसाच ओलांडते. तुम्हाला सांगितले नाही कारण आईने उपास धरले असते. तरीही सांगायला हवे होते.

पैशांविषयी: मंगळवारी बाबांच्या खात्यात 1 लाख 20 हजार रुपये जमा होतील. त्यातून प्रथम बाबांच्या मोतीबिंदूचे काम उरकावे आणि उरलेले धाकटीच्या लग्नाच्या कार्यालयासाठी द्यावे. बँकेतली ठेव मोडू नये, आणि ‘तुला तिकडे लागतील’ असे म्हणून रक्कम बाजूलाही ठेवू नये. मला फेब्रुवारीत बाराच दिवसांची रजा मिळाली आहे. म्हणजे केळवणांना मी नसेन, हळदीच्या आदल्या रात्री पोहोचेन. आत्याला हे आईनेच समजावून सांगावे, माझ्याने तिला सांगवत नाही.

इंदूरच्या स्थळाविषयी आईने तीनदा विचारले. मंडळी चांगली आहेत याबद्दल शंका नाही, पण मी वर्षभरात परत येईन असे त्यांना सांगितले गेले आहे आणि ते खरे नाही; माझा करार 2028 पर्यंतचा आहे. त्यांना अंधारात ठेवू नये. पत्रिका परत मागवावी लागली तरी चालेल. धाकटीचे माझ्या आधी होते आहे याचे मला दुःख नाही, लोक काय म्हणतील याची चिंता आईने करू नये.

ऑफिसमधील एक सहकारी डिसेंबरमध्ये दिल्लीला येत आहेत. त्यांच्याबरोबर सायकलचे दोन दिवे, गुडघ्याचा पट्टा आणि आईसाठी लोकरीचे मोजे पाठवते. लाल दिवा बाबांच्या सायकलला मागे, बसायच्या सीटखाली लावावा. दादाला दिल्लीहून ते आणता आले तर बरे, नाहीतर कुरियरची व्यवस्था करते. मोज्यांचे माप अंदाजाने घेतले आहे, घट्ट झाले तर कळवावे.

कळावे.

आपली आज्ञाधारक कन्या