शिळ्या पाण्याबद्दल अम्मांचे आभार

अम्मा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. मराठी तुम्ही आमच्याहून ठसक्यात बोलता, पण वाचायचा कंटाळा करता, ठाऊक आहे मला.

निसर्गावर आपला भार कमी टाकायचा, असं आम्ही चौघांनी दोन वर्षांपूर्वी ठरवलं आणि सुरुवात केली ती खरेदीनं. बांबूचे ब्रश, स्टीलच्या नळ्या, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरपोच! आणि दर चार-पाच दिवसांनी नळ आला की मागचं उरलेलं पाणी ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतत होतो.

तुम्ही जिन्यात थांबलात. “काय गं, सोलापुरात भाकरीपण महिना-महिना शिळी होत नाही, पाणी चार दिवसांत कसं होतंय?” हातात कडक भाकरीचा तुकडा घेऊन बसलेली धाकटी खो-खो हसली. मी गप्प. उजनीहून १०० किलोमीटरच्या वर पंपानं ढकलत आणलेलं पाणी, म्हणजे त्यासोबत मी वीजही ओतत होते. शाळेत विज्ञान शिकवते हो मी!

डास अंडी घालू नयेत म्हणून तुम्ही आमच्या पिंपाच्या तोंडाला तुमची जुनी चादर आवळून बांधलीत. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून, घासून, कोरडं करायचं, हेही तुमचंच. ते पाणी आता लादीला आणि खताच्या ड्रमला जातं.

त्या ड्रमनं तर रडवलं होतं. उन्हाळ्यात गच्चीवर सालींचा पापड झाला, कुजायचं नावच नाही. पावसाळ्यात अळ्या आणि असा वास, की खालच्यांनी बोलणं सोडलं. तुम्ही हात घालून मूठभर पिळून पाहिलंत. उन्हाळ्यात तांदळाचं धुवण शिंपडायचं, पावसाळ्यात ओल्यावर कोरड्याचा जाड थर द्यायचा. कोरडं आणायचं कुठून? तर मुलाकडून टॉवेलच्या कारखान्यात झाडून निघालेल्या कापसाचं पोतं आणवलंत, बिनरंगी बघून. तीन महिन्यांनी ड्रममधून पावसाच्या मातीचा वास आला.

सगळं जमलंय असं नाही. स्कूटर सुटलेली नाही. मे महिन्यात पारा ४३च्या वर गेला की कूलर लागतो, आणि तो पाणी पितो ते वेगळंच. त्यावर तुम्ही एक शब्द बोलत नाही, हेही उपकारच.

उद्या पाण्याचा दिवस आहे. भरून झालं की कढीपत्त्याची कुंडी घेऊन येते, त्याच खतातली. चादर मात्र परत मिळणार नाही, आधीच सांगते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची बाई