भागीदारी हवी, पण सुधारणा कोणाची?

जैवतंत्रज्ञानातील नवउद्योगांनी मोठ्या कंपन्यांशी खुली भागीदारी करावी, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सूचना योग्यच आहे. जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेच्या ‘बिग’ अनुदान योजनेतील कमाल ५० लाख रुपयांत प्रयोगशाळेतले काम निघते, हजार लिटरचा फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवण्याची मोठी टाकी, येत नाही. तो भागीदाराकडेच असतो.

लेखात राहून गेलेला मुद्दा तिथूनच सुरू होतो. पाच लिटरच्या भांड्यात जोमाने वाढणारे जिवाणू हजार लिटरमध्ये प्राणवायू कमी पडून मंदावतात, फेस चढून हवेचे फिल्टर तुंबतात. मग ढवळण्याचा वेग, हवेचे प्रमाण, साखर सोडण्याचे वेळापत्रक, सगळेच बदलावे लागते. ही दुरुस्ती दोन्हींकडची माणसे मिळून करतात आणि पेटंट संयुक्त नावाने निघते. ऐकायला न्याय्य वाटते. पण पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार, वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक ते स्वतःसाठी वापरू शकतो, नफ्याचा हिशेब देणे लागत नाही. तिसऱ्याला परवाना द्यायचा तर मात्र दुसऱ्याची संमती लागते. कारखाना असलेल्याला हे परवडते, परवान्यांवर जगणारा नवउद्योग अडकतो.

म्हणून जिवाणूंची पहिली कुपी पाठवण्याआधीच साहित्य हस्तांतरण करार, म्हणजे जैविक नमुने कोणत्या अटींवर दिले याचा करार, करावा आणि त्यात आधीचे हक्क कोणाचे, पुढच्या सुधारणा कोणाच्या, हे नोंदवून घ्यावे. नवउद्योगांना सुरुवातीला आधार देणाऱ्या इन्क्युबेशन केंद्रांनी जागेबरोबर असा मसुदाही द्यायला हवा.

– एक वाचक, पुणे