पाणी ओसरल्यानंतर सुरू होणारा आजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत पाणी तुंबले की लेप्टोस्पायरोसिसबाबतच्या सूचना सर्वत्र झळकतात आणि रस्ते कोरडे झाले की त्या दिसेनाशा होतात. या रोगाची चाल मात्र नेमकी उलटी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही लेप्टोच्या रुग्णांची रीघ लागली ती पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत.

उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून या रोगाचे जिवाणू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात मिसळतात. धडधाकट त्वचा त्यांना सहसा आत शिरू देत नाही. परंतु टाचेला भेग असली, पायाच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असल्या, किंवा गढूळ पाण्याचे शिंतोडे डोळ्यांत वा तोंडात गेले, तर त्यांना वाट मिळते. तेथून ते रक्तात उतरतात आणि यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे असा प्रवास करतात. या काळात माणसाला काहीच जाणवत नाही. ताप येतो तो बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिनाभरानेही, आणि तोपर्यंत आपण गुडघाभर पाण्यातून घरी आलो होतो, हे रुग्णाच्या ध्यानीमनीही नसते.

माझ्या पुतण्याच्या बाबतीत हेच घडले. अकराव्या दिवशी सडकून ताप भरला, पोटऱ्या हात लावू देईनात, डोळे लाल झाले. पण ना त्याने पाण्याचा विषय काढला, ना दवाखान्यात त्याला कोणी तो विचारला. ‘व्हायरल’ म्हणून दोन दिवस गेले. रक्ताची पहिली तपासणीही निर्दोष आली, कारण या रोगाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात दिसण्याइतकी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो; त्यामुळे आजाराच्या सुरुवातीला आलेला असा अहवाल म्हणजे रोग नसल्याची खात्री नव्हे. ही गोष्ट सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. (आमचे घर त्यातलेच.) पुतण्या वेळीच प्रतिजैविके मिळाल्याने बरा झाला. काहींच्या बाबतीत मात्र कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो आणि उपचारांना फारसा अवधीच उरत नाही.

साचलेल्या पाण्यातून चालल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महापालिका सांगते, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांची ही मुदत टळली, त्यांच्याशी नंतर कोणी बोलतच नाही. कोकणातील शेतकऱ्याला तर ही मुदत मोजायची तरी कुठून? लावणीच्या दिवसांत तो सकाळपासून अनवाणी चिखलातच उभा असतो.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पाणी ओसरल्यानंतर किमान तीन आठवडे या सूचना फलकांवर, लोकलच्या डब्यांत आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांत चालू ठेवाव्यात, आणि त्यांत ‘पाण्यात जाऊ नका’ याऐवजी ‘पाण्यातून गेला होतात, आता ताप आला आहे, तर डॉक्टरांना तसे आधी सांगा’ असा मजकूर असावा. दुसरी विनंती अशी की, पावसाळ्यात तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर ‘गेल्या महिनाभरात साचलेल्या पाण्याशी किंवा चिखलाशी संबंध आला होता का?’ हा प्रश्न छापलेलाच असावा, म्हणजे तो विचारायचे कोणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून राहणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, कुर्ला, मुंबई