तटरक्षक दल गोड्या पाण्यावर आणा : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी उजनी जलाशयाच्या काठावर राहते. समुद्र आमच्यापासून घाटापलीकडे. तरीही तटरक्षक दलाबद्दल आपल्याला लिहिते आहे, कारण आमच्या पाण्यावर माणूस बुडाला तर त्याच्याकडे धावून जाणारी एकही नौका काठावर उभी नसते.

उजनी भरलं की ११७ टीएमसी पाणी. ऐलतीर करमाळा, पैलतीर इंदापूर. बाजार, दवाखाना, सोयरीक सगळं पलीकडे, आणि रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा. म्हणून आम्ही बोटीने जातो. बोट चिखलातच लागते. आधी मोटरसायकली चढवतात. दोघं पुढचं चाक उचलतात, एकजण मागून रेटतो. मग मधल्या जागेत बायका-मुलं बसतात. एकदा मी लाइफ जॅकेट मागून घेतलं. बाकाखालून काढून दिलं, पण त्याचं बक्कल तुटलेलं होतं. पट्ट्याची गाठ मारून बसले. बोटवाल्याला दोष देत नाही. ते बक्कल तपासायला कधी कोणी आलंच नव्हतं.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एकजण पोहत काठाला लागला म्हणून काठावरच्यांना घटना कळली. उरलेले सहा गेले, त्यांत लहान मुलंही होती. मृतदेह हाती लागले ते तिसऱ्या दिवशी. ते दोन दिवस काठावर बसलेल्या आयाबाया मी पाहिल्या आहेत. त्याच आठवड्यात प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचीच बोट उलटली आणि तीन जवान गेले. वाचवायला आलेली माणसंही या पाण्याने नेली, तेव्हा प्रश्न धाडसाचा नाही. त्या पाण्याची रोजची ओळख असलेलं, तिथेच सराव करणारं पथक नाही, हा आहे.

एकट्या उजनीची ही गोष्ट नाही. २००९ मध्ये केरळात थेक्कडीच्या पेरियार तलावात ४५ पर्यटक बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. प्रत्येक वेळी चौकशी होते, नुकसानभरपाई जाहीर होते. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला. नोंदणी, तपासणी, सुरक्षासाधनं सगळं त्यात लिहिलं आहे. पण आमच्या काठावर त्यातलं काहीच उतरलेलं दिसत नाही.

तटरक्षक दलाकडे मात्र हे ज्ञान आहे. १९७८ च्या कायद्याने उभं राहिलेलं हे दल समुद्रातल्या शोध आणि बचावाचं काम चोवीस तास सांभाळतं. मच्छीमाराला संकटात १५५४ हा क्रमांक आहे. वाऱ्याचा इशारा आला की नौका आणि विमानं बोटींना परत फिरवतात. उथळ पाणी आणि चिखल यांवरून धावणारी हॉवरक्राफ्ट त्यांच्याकडे आहेत. हे सगळं किनाऱ्याशी थांबतं, कारण कायद्याने नेमून दिलेलं क्षेत्र सागरी आहे. किनारा सोडून हे दल आत येतं ते महापुरात, बोलावणं गेल्यावर. २०१९ च्या पुरात सांगलीजवळ ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. बोलावणं जाईपर्यंतचा वेळ पाण्यातल्या माणसाकडे नसतो.

सीमेवरच्या पाण्याचंही असंच आहे. लडाखमधल्या पँगाँग त्सो तलावावर लष्कर गस्त घालतं. २०२२ मध्ये आपल्याच खात्याने तिथे नव्या नौका दिल्या. गुजरातच्या सर क्रीक खाडीत आणि बंगालच्या सुंदरबनात सीमा सुरक्षा दलाची जलशाखा आहे, तरंगत्या चौक्या आहेत. ते जवान कोणत्या हालात राहतात याची कल्पना आहे आणि त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण त्यांचं पहिलं काम पहाऱ्याचं. खाडीत भरकटलेला कोळी किंवा रात्री वादळात सापडलेली प्रवासी होडी शोधणं हे ज्याचं पहिलं काम आहे, असं कोणीतरी त्यांच्या शेजारी हवं.

हे जगावेगळं मागणं नाही. अमेरिकेचं तटरक्षक दल ग्रेट लेक्सवर, म्हणजे गोड्या पाण्यावर आणि कॅनडाच्या सीमेला लागून, कायम असतं. हिवाळ्यात मॅकिनॉ हे त्यांचं जहाज बर्फ फोडून वाट मोकळी ठेवतं. सीमेवर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच नौकेवरून गस्त घालतात, त्यासाठी २००९ मध्ये करार झाला. तिथेही उणीव होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये एडमंड फिट्झगेराल्ड हे मालवाहू जहाज लेक सुपिरिअरमध्ये २९ जणांसह बुडालं तेव्हा जवळ योग्य नौका नव्हती. शोधासाठी व्यापारी जहाजांनाच विनवावं लागलं आणि दलाचं वुडरश हे जहाज पोहोचायला जवळजवळ एक दिवस लागला. आणखी एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. २००६ मध्ये तिथे तलावांवर मशीनगनच्या सरावाचा प्रस्ताव आला होता. काठावरच्या लोकांनी विरोध केला आणि तो मागे घेतला गेला. मला आमच्या जलाशयावर बंदुका नको आहेत. दोर, दिवे, रेडिओ आणि पोहणारी माणसं हवी आहेत.

केनियाने २०१८ मध्ये तटरक्षक सेवा उभी केली, ती व्हिक्टोरिया सरोवरावरही काम करते. तो देश करू शकतो, तर आपल्याला काय अडचण आहे?

आपलं खातं म्हणेल की पाणी हा राज्याचा विषय. धरण राज्याचं आहे, मान्य. पण अंतर्देशीय जलमार्गावरची वाहतूक समवर्ती सूचीत आहे, आणि २०१६ च्या कायद्याने १११ राष्ट्रीय जलमार्ग केंद्रानेच जाहीर केले. राज्याच्या विनंतीवर केंद्रीय पथक येऊ शकतं, तर राज्याच्या संमतीने ते कायमचं राहूही शकतं.

तेव्हा विनंती अशी की तटरक्षक दलाची एक छोटी अंतर्देशीय शाखा सुरू करावी. सुरुवात दोन-चार मोठ्या जलाशयांपासून आणि सुंदरबनापासून. प्रत्येक ठिकाणी दोन वेगवान बचावनौका, पाणबुडे, रेडिओवर कायम बसलेला माणूस. वारा सुटण्याआधी बोटी बंद ठेवण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा, आणि बोटवाल्याची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही याचीही सोय असावी. नाहीतर तो इशारा ऐकणार नाही, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही. आमच्याच मासेमारी करणाऱ्या पोरांना प्रशिक्षण देऊन या कामात घ्यावं. खडक कुठे आहेत, जुनी गावं पाण्याखाली कुठे आहेत, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

वळवाचा वारा आमच्याकडे मे महिन्यात सुटतो. त्याआधी आपला एखादा अधिकारी इथे पाठवावा. मी स्वतः त्याला बोटीतून पलीकडे घेऊन जाईन.

आपली,
उजनीकाठची एक प्रवासी