शिकारी माशांचा हिशेब केवळ टनांत नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मासेमारीवर मर्यादा घालण्याची चर्चा निघाली की अमुक जातीचे मासे किती उरले आणि त्यांतले किती टन काढता येतील, एवढेच विचारले जाते. शिकारी माशांच्या बाबतीत हा हिशेब अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे. कॉड, ट्यूना किंवा शार्क जाळ्यात येतो, पण तो ज्यांना खाऊन आटोक्यात ठेवत होता ते सारे जीव समुद्रातच राहतात आणि त्यांच्या वाढीची झळ पार प्लवकांपर्यंत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांपर्यंत पोहोचते.

अतोनात मासेमारीमुळे 1992 साली कॅनडा सरकारला न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि 30 हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पाण्याखाली काय घडले ते मात्र क्वचितच सांगितले जाते. शेजारच्या नोव्हा स्कॉशियाच्या उथळ समुद्रात कॉड आणि तळाशी राहणारे इतर मोठे मासे घटल्यावर लहान मासे, कोलंबी आणि खेकडे वाढले. त्यामुळे मोठ्या आकाराचे प्राणिप्लवक कमी झाले आणि ते ज्यावर जगतात ते वनस्पतिप्लवक वाढले. कोलंबी आणि खेकड्यांना चांगला भाव मिळाल्याने नुकसान भरून निघाले, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मोजक्या एक-दोन जातींवर उभा राहिलेला धंदा त्या जाती घटल्या की कोलमडतो, आणि तेव्हा मागे वळायला कॉडही उरलेला नसतो.

बंदी घातली की मासा आपोआप परत येईल, ही समजूतही तपासून पाहावी लागते. बाल्टिक समुद्रात कॉडची अंडी तळाकडच्या खारट पाण्याच्या थरात तरंगतात. एरवी कॉडचे भक्ष्य असलेले हेरिंग आणि स्प्रॅट हीच अंडी खातात. मोठे कॉड कमी झाले की हे लहान मासे माजतात आणि पुढची पिढी अंड्यातच गिळली जाते. न्यूफाउंडलंडची बंदी उठायला 2024 साल उजाडले. तिथे थंड पाणी आणि खाद्य माशांची घट ही कारणेही होती, हे मान्य करूनही 32 वर्षे हा काळ लहान नव्हे.

याच्या उलट घडलेलेही पाहायला मिळते. न्यूझीलंडमध्ये ली (Leigh) गावाजवळच्या किनारी पट्ट्यात 1975 मध्ये सागरी अभयारण्य झाले. तिथे सी अर्चिन या काटेरी, कवचधारी समुद्री जीवांनी केल्प नावाची उंच समुद्री शेवाळे खरवडून खडक उघडे पाडले होते. मासेमारी थांबल्यावर सी अर्चिनचे कवच फोडून खाण्याइतके मोठे स्नॅपर मासे आणि शेवंडे पुन्हा वाढली, सी अर्चिन घटले आणि कालांतराने त्याच खडकांवर केल्पचे रान उभे राहिले. त्या रानाची लागवड कुणीही केली नव्हती.

म्हणून माझी विनंती अशी की, पकडीचा कोटा ठरवताना तो मासा काय खातो आणि त्याची अंडी कोण खाते, हेही विचारात घ्यावे. लहान मासे सोडून देण्याचा नियम अनेक ठिकाणी आहे. तसाच फार मोठे मासे सोडण्याचाही असावा, कारण 30 किलोची एक कॉड मादी 2 किलोच्या 28 माद्यांहून अधिक अंडी घालते. अर्थात गळाला लागलेला मासा जिवंत सोडता येतो, पण खोल तळावरून ट्रॉलरच्या जाळ्यात ओढून आणलेला मासा वर येईपर्यंत बहुधा जगत नाही. तेव्हा ट्रॉलर चालतात त्या भागांत आकाराचा नियम पुरेसा नाही. तिथे माशांच्या विणीच्या जागाच मासेमारीसाठी बंद ठेवाव्या लागतील.

आपला,
एक वाचक