पोरांना शेतात आणा, पण नुसती हुरडा खायला नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात शाळेच्या सहलीचा फोटो आला होता, बैलगाडीत बसलेली पोरं, डोक्याला फेटे आणि खाली लिहिलं होतं की विद्यार्थ्यांनी शेती अनुभवली. फोटो छान होता, त्याबद्दल वाद नाही. पण माझं औसा तालुक्यात रान आहे आणि आमच्या गावात बैलजोडी आता बोटावर मोजण्याइतक्या जणांकडं राहिली, पेरणी ट्रॅक्टरनं, मळणी मशीननं, फवारणी पाठीवरच्या बॅटरी पंपानं, मग या पोरांनी कोणती शेती अनुभवली? आजोबाच्या काळातली. कृषी पर्यटनवाल्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांचा तो धंदा आहे आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर चांगलंच आहे. फक्त बैलगाडी, रेन डान्स आणि हुरडा याला शेतीची सहल म्हणू नका, पिकनिक म्हणा. आणि शेतात जाऊन जेवायचं तर आमच्या लातूर-धाराशिवकडच्या पोरांना वेळ अमावस्या आहेच की, त्या दिवशी अख्खं लातूर बंद असतं आणि सगळे रानात आंबील-भज्जीवर बसलेले असतात, त्यासाठी शाळेनं वेगळी फी घ्यायची काय गरज.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्याकडं पण एका शाळेचा सातवीचा वर्ग आला होता, ओळखीच्या सरांनी विचारलं म्हणून हो म्हटलं. मी काही तयारी केली नाही, रोजचं काम चालू ठेवलं. हरभरा घाटे धरत होता. एका पोरीनं पाल्यावरून हात फिरवला आणि बोटं चिकट झाली म्हणून ड्रेसला पुसायला लागली, म्हटलं पुसू नको, चाट. तिनं चाटलं, एक डोळा मिटला आणि मग काय, सगळी लाईन मोडून पोरं हरभऱ्यात शिरली (थोडा तुडवला, असू दे). ती हरभऱ्याची आंब, पूर्वी म्हाताऱ्या बाया पहाटे दवात धडपं फिरवून पिळून घ्यायच्या आणि पोट दुखलं की द्यायच्या. सरांनी लगेच मोबाईल काढून सांगितलं की यात मॅलिक ॲसिड असतं, बरं झालं, मला पण कळलं.

मग कामगंध सापळा दाखवला. आत मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासानं घाटेअळीचे नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. सातवीची पोरं, हसून हसून बेजार. पण त्याच पोरांनी पिशवीतले पतंग मोजले आणि मी सांगितलं की सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग सापडले तरच औषध फवारायचं, उगीच नाही, औषधाला पैसे पडतात. एक जण म्हणला काका हे तर गणितच आहे. आहेच की.

पाणी कधी देता विचारलं तर म्हटलं या आठवड्यात रात्री, कारण पंपाला लागणारी थ्री फेज लाईट रात्रीची आहे. पोरांना खरंच वाटेना. अंधारात बॅटरी धरून, थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत माणूस पिकाला पाणी देतो हे शहरातल्या पोराच्या डोक्यात येणार तरी कुठून. म्हणून म्हणतो दिवसा उन्हात फोटो काढून शेती कळत नाही.

पण सगळ्यात भारी प्रश्न एका बारक्या पोरानं विचारला. बांधाला बसून बाया भाकरी खात होत्या, त्यानं त्यांनाच मजुरीचा रोज किती मिळतो विचारलं, मग गड्याला विचारलं, आणि मला येऊन म्हणला, काका मावशीला कमी आणि त्यांना जास्त असं का? त्यांच्या शाळेच्या बाई लगेच म्हणल्या असले प्रश्न विचारायचे नसतात. मी म्हटलं मॅडम विचारू द्या. उत्तर माझ्याकडं पण धड नव्हतं, सगळीकडं तोच रेट चालतो एवढंच सांगता आलं, पोराला काही ते पटलं नाही. पण शेतात येऊन पोरगं हे विचारत असेल तर सहलीचे पैसे वसूल झाले असं मी समजतो.

आता शाळांना माझं म्हणणं असं आहे की सहल शेतात संपवू नका, तिथून पोरांना मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात न्या. लातूरचा अडत बाजार सोयाबीन-तुरीसाठी सगळीकडं माहीत आहे, आणि लातूरच्या शाळेतल्या कितीतरी पोरांनी तिथला सौदा कसा निघतो ते एकदा पण बघितलेलं नसतं. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 ला 5328 रुपये क्विंटल होता, असा त्या वर्षीचा आकडा पोरांना फळ्यावर लिहून द्या आणि मग मोंढ्यातला त्या दिवशीचा भाव बघू द्या. हमीभाव केंद्रावर 12 टक्के ओलाव्याची अट असते, ते मशीन कसं लावतात, एक टक्का जास्त आला तर काय होतं, हमाली-तोलाई कापून पट्टीवर म्हणजे हिशेबाच्या कागदावर शेवटी काय आकडा राहतो, हे एका तासात समजतं. नंतर वाटलं तर वजाबाकी वर्गात करा, बियाण्याची बॅग, खत, फवारणी, काढणी, मळणी, गाडीभाडं. आम्ही ही वजाबाकी दरवर्षी करतो आणि उत्तर आवडत नाही म्हणून परत करतो.

दुसरं म्हणजे वेळ. सगळ्या सहली डिसेंबर-जानेवारीत, कारण शाळेला ते सोयीचं आणि हवा पण चांगली. तेव्हा रान हिरवं असतं, सगळं गोड दिसतं. तोच वर्ग त्याच शेतात जूनच्या शेवटी पण आणा ना. कृषी खातं सांगतं 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, पण शेजाऱ्यानं पेरलं की आपल्याला झोप येत नाही, हे त्यांना त्या टायमाला बघू द्या. परत ऑक्टोबरात काढणीला आणा. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात किती जणांची माती वाहून गेली, खाली नुसता मुरूम राहिला, ते शेत पण दाखवा. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्याच भागात हे होतं, भूगोलाच्या पुस्तकात हे एका पानावर सापडणार नाही.

वेळ नाही असं शाळा म्हणतील. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला 10 दिवस दप्तराविना सांगितलेत, त्यातले तीन शेताला द्या. लांबच्या रिसॉर्टला जायची पण गरज नाही, वर्गात कोणाचे ना कोणाचे मामा-काका शेती करतातच, त्यांना विचारा, कोणी नाही म्हणणार नाही. एसटीत शालेय सहलीला निम्मी सवलत असते.

आमच्याकडं यायचं असेल तर या, पैसे नकोत, भाकरी-पिठलं आम्ही देऊ. फक्त आदल्या दिवशी विचारून या, पोरांना बूट घालून आणा आणि बसमधून उतरताना चिप्सची पाकिटं बसमधेच ठेवायला सांगा, वखराला अजून गुंतायलेत.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. औसा, जि. लातूर