‘ट्रान्समिशन ऑइल लेव्हल ओके’ लिहिलेल्या जॉब कार्डाबद्दल तक्रार

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर आणि कंपनीचा कस्टमर केअर विभाग

विषय: गिअरबॉक्सचं ऑइल न तपासताच ‘ओके’ लिहून गाडी परत दिली त्याबद्दल

सर/मॅडम,

फोनवर तीनदा बोलून झालंय, दर वेळी ‘तुमची कम्प्लेंट रजिस्टर झाली आहे सर’ एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून आता सगळं एकदाच लिहून पाठवतोय. लांबलंय, पण पूर्ण वाचा.

मी इंदिरानगरला राहतो, मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. तुमची ही ऑटोमॅटिक डिझेल गाडी घेतली तीच मुळात मागे जनरेटरची ट्रॉली ओढायला, बुकिंगच्या वेळी शोरूमला तसं स्पष्ट सांगितलं होतं आणि तिथल्या माणसाने ‘काही टेन्शन नाही, आरामात ओढेल’ म्हणून मान डोलावली होती. ट्रॉली आणि जनरेटर मिळून हजारेक किलो, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या आत आहे. ट्रॉलीचं पासिंग पण वेगळं केलेलं आहे (तुमच्या मॅनेजरने फोनवर पहिला मुद्दा तोच काढला म्हणून आधीच सांगून ठेवतो).

शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढताना पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर लालसर डाग दिसला. बोट लावून बघितलं तर तेलकट, वास इंजिन ऑइलसारखा नाही. सोमवारी शहापूरकडे लग्नाची ऑर्डर होती, म्हणजे रविवारी दुपारी ट्रॉली जोडून कसारा घाट उतरायचा आणि मंगळवारी तीच ट्रॉली घेऊन घाट चढून परत यायचं. म्हणून रिस्क नको म्हटलं आणि शनिवारी सकाळीच तुमच्याकडे आलो, १०:२० ला गेटवर एन्ट्री आहे. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला डागाचा फोटो दाखवला, उद्या ट्रॉली ओढायची आहे हे दोनदा सांगितलं. तो म्हणाला, ‘एसीचं पाणी असेल सर, उन्हाळ्यात पडतं.’ अहो, एसीचं पाणी लाल कधीपासून पडायला लागलं? मग म्हणाला बघून घेतो, बसा तुम्ही, चहा घ्या.

मी बसलो. तुमच्या त्या वेटिंग रूमला मोठी काच आहे, आतलं सगळं दिसतं. माझी गाडी आधी वॉशिंगला गेली, तिथे पोरांनी खालून प्रेशरने झकास धुतली, म्हणजे गळती कुठून आहे त्याचा माग पण धुवून टाकला, मग पुसून बाहेर झाडाखाली उभी केली. लिफ्टवर गेलीच नाही. सव्वाबाराला बिल हातात आलं, १,४१६ रुपये, त्यात अंडरबॉडी वॉश आणि ‘लीकेज इन्स्पेक्शन’, आणि जॉब कार्डावर टिक: ट्रान्समिशन ऑइल लेव्हल ओके, नो लीकेज फाउंड.

माझा राग सगळा या टिकवर आहे. या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) नाही हो! तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की लेव्हल वर्कशॉपमध्येच तपासायची. म्हणजे गाडी लिफ्टवर सपाट घ्यायची, इंजिन चालू ठेवायचं, स्कॅनर लावून ऑइल ठराविक तापमानाला आलं की खालचा प्लग उघडायचा आणि तिथून बारीक धार येते का बघायचं. ऑइल गरम झालं की फुगतं म्हणून तापमान महत्त्वाचं. मग झाडाखाली बंद उभ्या असलेल्या गाडीची लेव्हल तुमच्या माणसाला कशी दिसली? नुसत्या नजरेने?

घरी आलो तरी मन मानेना. रात्री फ्रिजच्या खोक्याचा जुना पुठ्ठा गाडीखाली सरकवला. सकाळी बघतो तर भाकरीएवढा लाल डाग, आणि मधोमध अजून ओला. तुमचं वर्कशॉप रविवारी बंद, कस्टमर केअरने टिकीट नंबर दिला आणि ‘शक्यतो गाडी चालवू नका’ म्हणाले. चांगला सल्ला, पण शनिवारी मिळाला असता तर बरं झालं असतं ना. शेवटी ओळखीच्या माणसाची पिकअप ७,५०० रुपयांना ठरवली, तिच्या हौद्यात जनरेटर चढवायला पाच माणसं लागली, आणि लग्नाला वेळेत पोचलो हे नशीब.

सोमवारी सकाळी तुम्हाला फोन केला तर उत्तर काय, पार्ट पुण्याहून मागवावा लागेल, ९ दिवस, तोपर्यंत ऑइल टॉप-अप करून चालवा. कुठला पार्ट ते गाडी न बघता कसं कळलं हे मला अजून समजलेलं नाही. गुरुवारी दुसरी ऑर्डर होती म्हणून मग सातपूरला एका गॅरेजमध्ये नेली, त्या मेस्त्रीकडे लिफ्ट आहे आणि स्कॅनर पण आहे. त्याने खालचा गार्ड काढला आणि मला हाक मारली, ‘शेठ, हे बघा.’ गार्डचे दोन बोल्ट गायब, एका जागी काळा प्लास्टिकचा टाय बांधलेला. गार्ड एका बाजूने लोंबत होता आणि त्याची कड गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरच्या रबरी पाइपवर घासत होती, पाइप तिथे चाकूने तासल्यासारखा झालेला, आतले दोरे दिसत होते, आणि इंजिन चालू केलं की त्या दोऱ्यांतून लाल थेंब फुटत होते. हा गार्ड शेवटचा कोणी काढला होता? फेब्रुवारीच्या सर्व्हिसला तुम्हीच. गाडी घेतल्यापासून एकेक शिक्का तुमचाच आहे, बाहेर कुणी पाना लावलेला नाही, त्यामुळे ‘बाहेर काम झालं असेल’ हे मला ऐकवू नका.

अंबडला हायड्रॉलिक होज बनवून देतात, तिथून तेवढाच तुकडा नवीन प्रेस करून आणला, ८५० रुपये. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल ४ लिटर घेतलं, ३,६०० रुपये. मेस्त्रीची मजुरी ६००. आणि नीट तापमानाला आणून लेव्हल केली तेव्हा त्यात सव्वा लिटर ऑइल बसलं. तुमच्या ‘ओके’मध्ये सव्वा लिटर कमी होतं!

हे मी ट्रॉली जोडून घाटात घेऊन गेलो असतो तर? चढाला लोड असताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) स्लिप होतो आणि सगळी उष्णता त्या ऑइलमध्येच जाते. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, फेस होतो, प्रेशर पडतं, आतले क्लच घसरायला लागतात आणि घसरले की अजून गरम. त्यात गळणारा पाइप कूलरचाच. कसाऱ्यात मधेच गाडीने ओढ सोडली असती आणि मागे हजार किलो, त्याच्या मागे कंटेनरची रांग. बरोबर माझा पुतण्या आणि दोन कामगार पोरं असणार होती. तुमच्या मॅनेजरसाहेबांना ही ‘मायनर सीपेज’, म्हणजे किरकोळ पाझर, वाटते.

आता मला काय पाहिजे ते सांगतो. १,४१६ परत पाहिजेत, कारण जे काम केलंच नाही त्याचे पैसे कसले. हे १,४१६ आणि पिकअप, पाइप, ऑइल, मजुरी धरून एकूण १३,९६६ होतात, बिलं सोबत जोडली आहेत (पिकअपवाल्याची साधी पावती आहे, ती पण चालवून घ्या). कंपनीचा ओरिजिनल कूलर पाइप वॉरंटीत बसवून द्या, गार्डला बोल्ट लावा, टाय नको. एवढे दिवस कमी ऑइलवर गाडी चालली त्यामुळे गिअरबॉक्सची तपासणी करून त्याचा रिपोर्ट लेखी द्या, आणि मी नाइलाजाने बाहेर काम केलं म्हणून उद्या वॉरंटी नाकारणार नाही हे पण लेखी पाहिजे, तोंडी नको. शनिवारी ती टिक कोणी आणि कशाच्या आधारावर केली याचं उत्तर तर पाहिजेच. त्या पोराला कामावरून काढा असं मी म्हणत नाही, त्याच्यावर दिवसाला किती गाड्या टाकता ते तुम्हालाच माहीत.

पंधरा दिवस वाट बघतो. नंतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, आणि तिथे नाही जमलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि मुदत २ वर्षांची आहे, हे मी विचारून ठेवलंय.

कापलेला पाइप, तो काळा टाय आणि डागाचा पुठ्ठा तिन्ही माझ्या गोडाऊनला ठेवलेत. तुमचा इंजिनिअर पाठवा, सकाळी ११ च्या आत या, नंतर मी साइटवर असतो.

आपला,
इंदिरानगर, नाशिक येथील एक ग्राहक
सोबत: जॉब कार्ड, बिलं, फोटो आणि गाडीखालचा व्हिडिओ